घाई कोणाच्या फायद्याची?

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे मला अजूनही मनात इंग्लिशमध्ये मोजल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाचं सगळं श्रेय माझ्या परभणीच्या रूम पार्टनरला. चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या!

संपादक मंडळाने सांगितलं, "खेळावर काहीतरी अभ्यासपूर्ण लिही." सचिन, धोनी, विराट यांच्यावर आपल्या अंकात दरवर्षी तीन-चार लेख येतातच. म्हणून मी असा खेळ घेतला, ज्याचं नाव काढलं की मेसमध्ये सगळ्यांचे चेहरे कोरे होतात. अमेरिकन फुटबॉल. "म्हणजे ते हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर पडतात ते?" हो, तेच. पण थांबा, पान उलटू नका. यात सबमिशनच्या आठवड्यात कामी येईल असं काहीतरी आहे.

हा खेळ मला माझ्या मामेभावाने शिकवला. तो दक्षिण न्यू जर्सीत राहतो, नदी ओलांडली की पलीकडे फिलाडेल्फिया. २०२० साली लॉकडाउनमध्ये मी दहावीत आणि तो घरात अडकलेला. व्हिडिओ कॉलवर कॅरमच्या सोंगट्या मांडून दादाने मला सगळे डाव समजावले. तिकडची रविवारची दुपार म्हणजे आपली रात्र. सप्टेंबरमध्ये पहिली मॅच आपल्याकडे साडेदहाला सुरू होते, आणि साडेदहाला हॉस्टेलमध्ये कोण झोपतं?

दादा फिलाडेल्फिया ईगल्सचा भक्त. त्याची एक जुनी जखम आहे. चिप केली नावाचा कोच. "त्याची सिस्टिम बरोबर होती गं, त्याला वेळच दिला नाही," हे वाक्य मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. मीही इतकी वर्षं त्याच्याच बाजूने भांडत आले. या वर्षी मात्र आमच्या वर्कशॉपमध्ये एक प्रकार घडला आणि मी पहिल्यांदा पार्टी बदलली. तो प्रकार शेवटी सांगते. आधी केस नीट मांडू.

प्रश्न असा आहे: कॉलेजमध्ये सुसाट वेगाने खेळून जिंकणारी पद्धत व्यावसायिक खेळात, म्हणजे एनएफएलमध्ये, चालते का?

आधी खेळ, दोन मिनिटांत

दोन्हीकडे ११-११ खेळाडू. मैदान १०० यार्डांचं. ज्या टीमकडे बॉल आहे तिला १० यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. सरकली तर पुन्हा चार प्रयत्न. नाही सरकली तर बॉल समोरच्याला. शेवटच्या रेषेपलीकडे बॉल नेला की टचडाउन, ६ गुण. खांबांच्या मधून लाथाडला की फील्ड गोल, ३ गुण.

आता एक वाक्य अधोरेखित करून ठेवा, हे पुढे परीक्षेला येणार आहे: एकाच टीममध्ये हल्ला करणारे ११ वेगळे आणि बचाव करणारे ११ वेगळे. हल्लेवाले मैदानात असतात तेव्हा त्यांचेच बचाववाले बाकावर बसून दम खातात.

प्रत्येक डाव जेमतेम पाच-सहा सेकंदांचा. मग सगळं थांबतं आणि पुढचा डाव सुरू करायला ४० सेकंद मिळतात. या वेळात हल्ला करणारी टीम गोल रिंगण करून उभी राहते. त्याला हडल म्हणतात. टीमचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक, तो तिथे पुढचा डाव सांगतो. मग सगळे रेषेवर येऊन उभे राहतात, बॉल मागे दिला जातो (हा स्नॅप) आणि पुन्हा धुमश्चक्री.

घाई करून मिळतं काय?

समजा, रिंगण केलंच नाही. डाव संपला की लगेच रेषेवर उभे, लगेच स्नॅप. ४० सेकंद आहेत म्हणून ४० वापरायलाच पाहिजेत असं थोडंच आहे!

याचे तीन फायदे. पहिला, समोरच्याला माणसं बदलता येत नाहीत. नियम असा की हल्ला करणाऱ्यांनी खेळाडू बदलला तर बचाव करणाऱ्यांनाही बदलायला वेळ द्यावा लागतो. त्यांनी नाहीच बदलला, तर अंपायर तुमच्यासाठी थांबत नाही. दुसरा, बचावाला लांबलचक योजना एकमेकांना सांगता येत नाही, म्हणून ते सोप्या, साध्या पद्धतीने उभे राहतात. तिसरा फायदा शुद्ध शरीराचा. पुढच्या फळीतला माणूस १३०-१४० किलोचा असतो. त्याला लागोपाठ आठ डाव पळवलं तर नवव्या डावात तो कमरेवर हात ठेवून उभा राहणारच.

गल्ली क्रिकेटमध्ये बॅट्समन गार्ड घ्यायच्या आत बॉलर पळत सुटतो ना, तसंच. फक्त इथे ते कायदेशीर आहे.

हे नवीन नाही

१९८८ साली सिनसिनाटी बेंगल्सचा कोच सॅम वाइश रिंगणाशिवाय खेळू लागला. त्यांचा क्वार्टरबॅक बुमर एसायासन. जानेवारी १९८९ मध्ये ते सुपर बोलपर्यंत पोचले आणि सॅन फ्रान्सिस्कोकडून २०-१६ असे हरले. गंमत म्हणजे त्याआधीच्या मॅचमध्ये या घाईवर सर्वांत जास्त कुरकुर केली होती बफेलो बिल्सने. आणि पुढे १९९० मध्ये हीच पद्धत पूर्ण वेळ कोणी उचलली? बफेलो बिल्सनेच! (आपल्याकडे असाइनमेंट कॉपी करण्यावरून भांडणारेच पुढच्या सेमला कॉपी करतात, तसं.)

बफेलोचा क्वार्टरबॅक जिम केली. चिप केलीशी आडनावापलीकडे काही संबंध नाही, गोंधळ करू नका. हा जिम केली मैदानातच डाव ठरवायचा. त्या सीझनमध्ये लीगमध्ये सर्वांत जास्त गुण बफेलोचे होते. सेमी फायनलसारख्या मॅचमध्ये त्यांनी रेडर्सना ५१-३ असं धुतलं. एका आठवड्याने, २७ जानेवारी १९९१ ला, सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जायंट्स समोर. स्कोअर जायंट्स २०, बफेलो १९. शेवटी बफेलोचा ४७ यार्डांचा फील्ड गोल उजवीकडून बाहेर गेला.

पण खरा आकडा वेगळाच आहे. ६० मिनिटांच्या खेळात जायंट्सने बॉल ४० मिनिटं ३३ सेकंद स्वतःकडे ठेवला. म्हणजे जगातली सर्वांत घाई करणारी टीम दोन तृतीयांश वेळ बाकावर बसून होती. जायंट्सच्या बचावाची योजना आखणाऱ्या माणसाचं नाव होतं बिल बेलिचिक. त्या योजनेची वही आज खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये ठेवलेली आहे. हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

बफेलो त्यानंतरही सलग तीन वर्षं सुपर बोलला गेले आणि तिन्ही वेळा हरले. एकूण चार. तरी मी त्यांना नापास म्हणणार नाही. सलग चार वर्षं तिथपर्यंत पोचणं काही खायचं काम नाही.

ओरेगॉनची गाडी सुसाट

आता आपला हिरो. चिप केली २००९ ते २०१२ ओरेगॉन विद्यापीठाचा मुख्य कोच होता. ५३ मॅचपैकी ४६ जिंकल्या. २०१० च्या सीझनमध्ये त्यांनी दर मॅचला सरासरी ४७ गुण केले. कॉलेजच्या खेळात तेव्हा हेल्मेटमध्ये रेडिओ नव्हता (तो २०२४ ला आला), म्हणून बाकावरची मुलं मोठमोठे बोर्ड उंच धरायची. बोर्डावर चित्रं. चित्र बघितलं की सगळ्यांना डाव कळायचा. रिंगणाची गरजच नाही!

२०१२ मध्ये ईगल्स १६ पैकी फक्त ४ मॅच जिंकले होते. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी केलीला आणलं. ९ सप्टेंबर २०१३, पहिली मॅच वॉशिंग्टनविरुद्ध. पहिल्या अर्ध्या भागात ईगल्सने ५३ डाव खेळले! एनएफएलची टीम अख्ख्या मॅचमध्ये साधारण ६५ खेळते. दादा तेव्हा शाळेत होता. तो म्हणतो, टीव्हीवर रिप्ले दाखवायलाही वेळ मिळत नव्हता.

मध्यंतराला २६-७. शेवटी ३३-२७. दादा नेहमी पहिला आकडा सांगतो, दुसरा सांगत नाही. दुसऱ्या अर्ध्या भागात ईगल्सचे ७ गुण आणि वॉशिंग्टनचे २०. पुढे जे झालं त्याची झलक पहिल्याच दिवशी होती.

तरी पहिलं वर्ष झकासच गेलं. १० विजय, ६ पराभव, गटात पहिला नंबर. लेशॉन मॅकॉय १,६०७ यार्ड धावला, लीगमध्ये सर्वांत जास्त. निक फोल्स या क्वार्टरबॅकने २७ टचडाउन पास दिले आणि फक्त २ वेळा बॉल समोरच्याच्या हातात दिला. २०१४ मध्येही १०-६, पण ९-३ वरून घसरत शेवटी प्लेऑफ हुकला. २०१५ मध्ये केलीच्या हातात खेळाडू निवडायचेही अधिकार आले. त्याने मॅकॉयला विकलं, फोल्सला विकलं. आणि २९ डिसेंबर २०१५ ला, ६-९ असा हिशोब असताना, सीझनची एक मॅच बाकी ठेवून त्याला काढलं. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत २-१४, तिथूनही डच्चू.

काय चुकलं? कारण एक: नाणं

हे मला कोणी सांगितलं नाही, एम-थ्रीच्या प्रोबॅबिलिटीने सांगितलं. (बघा, एम-थ्रीचा उपयोग होतो. मला स्वतःला धक्का बसला.)

अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल आळीपाळीने मिळतो. तुम्ही घाई केली तर तुम्हाला जास्त संधी मिळतात हे खरं, पण समोरच्यालाही जवळपास तितक्याच जास्त मिळतात. म्हणजे घाईने तुमचे गुण वाढत नाहीत, दोघांचे प्रयत्न वाढतात.

आता एक नाणं घ्या, थोडं खोटं. १०० पैकी ६० वेळा छापा पडतो. तीन वेळा उडवलं तर छापे जास्त पडण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के. अकरा वेळा उडवलं तर सुमारे ७५ टक्के. म्हणजे जो मुळात सरस आहे, त्याला जास्त प्रयत्न फायद्याचे. पण नाणं खरं असेल, ५०-५०, तर तीनदा उडवा नाहीतर अकराशे एक वेळा, शक्यता ५० टक्केच.

ओरेगॉन त्यांच्या बहुतेक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सरस होतं. नाणं त्यांच्या बाजूचं. एनएफएलमध्ये मुद्दाम तसं होऊ देत नाहीत. सर्वांत खालच्या टीमला नवीन खेळाडू निवडायचा पहिला हक्क, आणि १९९४ पासून पगाराच्या एकूण खर्चावर मर्यादा. ३२ टीम, सगळ्या थोड्याफार सारख्या. तिथे घाईने शक्यता फारशी हलत नाही. उलट, तुम्ही कमजोर असाल तर घाई म्हणजे आत्महत्या! कमजोर टीमने बॉल दाबून बसावं. जायंट्सनी १९९१ मध्ये नेमकं तेच केलं.

कारण दोन: बाकावरचे ११

अधोरेखित वाक्य आठवा. हल्ला चार सेकंदांत धावतो, फसतो, पुन्हा रांगेत, पुन्हा फसतो. मिनिटाभरात खेळ खलास. आत्ताच घाम पुसायला बसलेले बचाववाले परत मैदानात.

केलीच्या तीन वर्षांत ईगल्सकडे बॉल राहण्याचा वेळ दर मॅचला साधारण २६ मिनिटं होता. तिन्ही वर्षं ३२ टीममध्ये शेवटचा नंबर. नोव्हेंबर २०१५ मध्ये रविवारी टॅम्पा बेकडून ४५-१७, लगेच गुरुवारी डेट्रॉइटकडून ४५-१४. पाच दिवसांत ९० गुण खाल्ले. सगळा दोष वेगाचा नाही, मुख्य क्वार्टरबॅक जखमी होता आणि चांगली माणसं केलीनेच घालवली होती. पण थकलेला बचाव हेही कारण होतंच.

कॉलेजमध्ये हे का झाकलं गेलं? कारण त्या काळी कॉलेज टीममध्ये ८५ जणांना शिष्यवृत्ती मिळायची, वर आणखी मुलं. एनएफएलमध्ये एकूण ५३, आणि तेव्हा मॅचच्या दिवशी त्यातले ४६ च. कॉलेजच्या मॅच १२-१३, इथे १६ (२०२१ पासून १७). माणसं कमी, काम जास्त.

आमचे प्रॉडक्शनचे सर लाइन बॅलन्सिंग शिकवताना नेहमी सांगतात, एक मशीन फास्ट केल्याने कारखाना फास्ट होत नाही. तिच्या पुढच्या स्टेशनवर फक्त ढीग वाढतो. ईगल्समध्ये तो ढीग बचाववाल्यांच्या अंगावर पडत होता.

कारण तीन: पाठ होणारा पेपर

वेगाने सांगायचं तर थोडक्यात सांगावं लागतं. थोडक्यात सांगायचं तर डावही मोजकेच ठेवावे लागतात. आणि मोजका पोर्शन समोरच्याचाही पाठ होतो! कॉलेजमधल्या खेळाडूंना आठवड्याला २० तास सरावाची मर्यादा असते, शिवाय दर आठवड्याला नवी टीम, नवी पद्धत. इकडे व्यावसायिक खेळाडूंचं पोटच त्यावर. दिवसभर व्हिडिओ बघतात, आणि गटातल्या टीमशी वर्षातून दोनदा गाठ पडते. इव्हान मॅथिस हा ईगल्सच्या पुढच्या फळीतला खेळाडू. २०१५ मध्ये टीममधून गेल्यावर तो म्हणाला की समोरचे खेळाडू आमचे डाव आमच्याआधी ओरडून सांगायचे.

म्हणजे बघा, एकाच प्रश्नाचं उत्तर पटापट लिहिता येणं आणि पेपर सोडवता येणं यात फरक आहे.

कारण चार: मैदानच वेगळं

ही छोटी गोष्ट आहे, पण इंजिनीअरला आवडेल. प्रत्येक डावाआधी बॉल मैदानावरच्या दोन खुणांच्या ओळींमध्ये ठेवतात. कॉलेजमध्ये या ओळींतलं अंतर ४० फूट. एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. बॉल कडेच्या खुणेवर असेल तर कॉलेजमध्ये दुसऱ्या बाजूला प्रचंड मोकळं रान मिळतं, पळणाऱ्याची चंगळ. एनएफएलमध्ये बॉल कायम मध्याजवळ, रान दोन्हीकडे सारखं. तसंच पास देण्याआधी पुढच्या फळीतल्या माणसाने किती पुढे जायचं, तर कॉलेजमध्ये ३ यार्ड, एनएफएलमध्ये १. शिवाय २०२३ पर्यंत कॉलेजमध्ये दर वेळी १० यार्ड पूर्ण झाले की घड्याळ थोडं थांबायचं, म्हणजे जास्त डाव. केलीची गाडी ज्या रस्त्यासाठी डिझाइन झाली होती, तो रस्ताच इथे नव्हता.

मग बेलिचिकला कसं जमलं?

म्हटलं होतं ना, हे नाव परत येणार. २०१२ मध्ये, केली अजून ओरेगॉनला असताना, बेलिचिकच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सने १६ मॅचमध्ये १,१९१ डाव खेळले. मॅचला ७४! गुण ५५७, त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त. त्याने वेगाच्या विषयावर केलीशी बोलणं केलं होतं, हे तेव्हा छापूनही आलं होतं. अख्खा डाव एका शब्दात सांगायचा, असं त्यांचं तंत्र होतं.

मग तिथे का चाललं? माझ्या मते दोन कारणं. एक, टॉम ब्रॅडीचं त्याच सिस्टिममधलं ते तेरावं वर्ष होतं. एका शब्दामागे त्याच्या डोक्यात पन्नास गोष्टी होत्या. पोर्शन मोजका नव्हता, फक्त त्याची नावं छोटी होती. दुसरं, ते कायम पळत नसत. दोन डाव सुसाट, मग रेषेवर उभं राहून शांतपणे समोर बघायचं, मग पुन्हा सुसाट. पेटन मॅनिंगचंही तसंच. तोही रिंगण करायचा नाही, पण रेषेवर उभा राहून सेकंद संपत येईपर्यंत हातवारे करत बचाव वाचत बसायचा. रिंगण नाही म्हणजे घाई आहे, असं नव्हे! २०१३ मध्ये त्याच्या डेन्व्हरने ६०६ गुण केले, तोवर एका सीझनमध्ये कोणी केले नव्हते.

दोघांचंही शेवटी भलं झालं असं नाही. पेट्रियट्स जानेवारी २०१३ मध्ये बाल्टिमोरकडून २८-१३ हरले. डेन्व्हरला फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये सिअॅटलने ४३-८ असं झोपवलं. भारी बचाव समोर असला की कोणतीच युक्ती पुरत नाही. पण त्यांची पद्धत टिकली, कारण त्यांच्यासाठी वेग हा एक गिअर होता. केलीच्या गाडीला तो एकच गिअर होता.

मागे काय उरलं

कॉलेजमधून वर आलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट वेग नव्हतीच. ती होती निर्णय उशिरा घेण्याची कला. क्वार्टरबॅक बॉल हातात घेतो, समोरच्या एकाच माणसाकडे बघतो. तो पुढे आला तर पास, मागे थांबला तर बॉल धावणाऱ्याच्या हातात. याला आरपीओ म्हणतात. आज जवळपास सगळ्या टीम तो वापरतात.

४ फेब्रुवारी २०१८, सुपर बोल. ईगल्स ४१, पेट्रियट्स ३३. समोर कोच बेलिचिक! ईगल्सचा कोच डग पीडरसन, आणि क्वार्टरबॅक तोच निक फोल्स, फिरून परत आलेला. आरपीओ मनसोक्त वापरले. निर्णायक टचडाउन झॅक अर्ट्झचा. पुढच्या फळीत लेन जॉन्सन. अर्ट्झ आणि जॉन्सन दोघेही २०१३ च्या, म्हणजे केलीच्या पहिल्याच वर्षीच्या निवडीतले. माणूस गेला, पण त्याचं काम दुसऱ्याच्या हातून पास झालं.

रेडिओचीही एक गंमत. एनएफएलमध्ये १९९४ पासून कोचचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये जातो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. शॉन मॅकव्हे या रॅम्सच्या कोचने घाईने टीम रेषेवर उभी करायची आणि उरलेल्या सेकंदांत बचाव बघून क्वार्टरबॅकला सूचना द्यायच्या, असा प्रकार केला. घाई केली, पण ती विचार करायला वेळ मिळावा म्हणून!

आणि चिप केली? तो कॉलेजमध्ये परतला. २०२४ च्या सीझनमध्ये ओहायो स्टेटचा हल्ला त्याच्याकडे होता आणि ते राष्ट्रीय विजेते झाले, पण ओरेगॉनसारखे सुसाट खेळून नव्हे. २०२५ मध्ये तो पुन्हा एनएफएलला, लास वेगास रेडर्सकडे गेला, आणि नोव्हेंबरमध्ये, सीझन अर्धवट असतानाच, बाहेर पडला.

आता वर्कशॉपचा प्रकार

आमच्या डिपार्टमेंटची गो-कार्ट टीम आहे. या वर्षी मॅन्युफॅक्चरिंगची जबाबदारी माझ्याकडे होती. आम्ही मागे पडलो होतो. मी पहिलं काय केलं असेल, तर रोज संध्याकाळची दहा मिनिटांची मीटिंग बंद केली. "वेळ जातो नुसता. आले की थेट कामाला लागा." दादाला मी फोनवर अभिमानाने सांगितलंही होतं, "आम्ही हडल बंद केलं!"

आठ दिवस काय मस्त वाटलं म्हणून सांगू! वेल्डिंगला पाच जण, धडाधड ब्रॅकेट निघत होते. फिनिशिंगच्या टेबलावर ढीग वाढत होता आणि त्या ढिगाकडे बघून मला वाटायचं, वा, काय प्रगती आहे. ड्रॉइंग मध्येच बदललं होतं, ते मीटिंग नसल्यामुळे सगळ्यांना कळलं नाही. चार ब्रॅकेट उलट्या बाजूचे झाले. ते पुन्हा कापायचे, पुन्हा घासायचे. ग्राइंडिंगला होते दोन ज्युनियर. त्यातला एक दोन रात्री नीट झोपला नव्हता. मला माहीत होतं. रात्री साडेनऊ वाजले होते, आमच्या इन-टाइमला अर्धा तास उरला होता, आणि मीच म्हणाले, "एवढे दोन संपव ना, प्लीज." ग्राइंडर हातातून सटकला. डाव्या तळहाताला चार टाके.

तो अजूनही म्हणतो, "ताई, काही नाही झालं." त्याने तसं म्हटलं की मला जास्त वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगायला गेले. वाटलं, आता चांगलंच ऐकावं लागणार. सरांनी एवढंच विचारलं, "ग्राइंडिंगला किती जण होते?"

"दोन, सर."

"आणि वेल्डिंगला?"

"पाच."

"मग तू वेल्डिंगवाल्यांना पळवत होतीस की ग्राइंडिंगवाल्यांना?"

मी काहीच बोलले नाही. रूमवर येऊन ईगल्सचे आकडे परत काढले. २६ मिनिटं, शेवटचा नंबर, पाच दिवसांत ९० गुण. इतकी वर्षं मी फक्त बॉल घेऊन पळणाऱ्या ११ जणांकडे बघत होते. बाकावरच्या ११ जणांकडे कधी बघितलंच नव्हतं.

तर उत्तर काय?

कॉलेजची सुसाट पद्धत एनएफएलमध्ये चालते का? एक गिअर म्हणून चालते. ज्याच्याकडे पोर्शन मोठा आहे, ज्याला थांबताही येतं, आणि ज्याने आपल्या बचाववाल्यांच्या दमाचा हिशोब केला आहे, त्याला ती भरपूर देते. अख्खी सिस्टिम म्हणून नाही चालत. तिथे समोरचे तुमच्याइतकेच चांगले असतात, तुमची युक्ती वर्षभरात पाठ करतात, आणि तुमच्या घाईचं बिल तुमच्याच माणसांना भरावं लागतं.

आमची मीटिंग आता परत सुरू झाली आहे. दहा नाही, सात मिनिटं. त्यात एक प्रश्न ठरलेला असतो: "आज कोणाकडे ढीग साचलाय?" ज्याच्याकडे साचला असेल त्याच्याकडे दोन माणसं जातात. गाडी उशिरा झाली, पण झाली. ब्रेक टेस्ट दुसऱ्या प्रयत्नात पास!

हा लेख दादाला फोनवर वाचून दाखवला. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सगळं खरं आहे गं. पण केलीला अजून एक वर्ष दिलं असतं ना..."

जाऊ दे. भक्तांशी वाद घालू नये.

– एक विद्यार्थिनी, टी. ई. प्रॉडक्शन